महाबळेश्वरचे पॉइंट आणि धबधबे : नावे कुणाची, वाटा कुणाच्या?

१/ जून उजाडला की दर शुक्रवारी मित्रमंडळींत एकच विचारणा सुरू होते: एका दिवसात जाऊन येण्यासारखी, कड्यावरून दरी दाखवणारी आणि वाटेत धबधबा असलेली जागा कोणती? ही विचारणा आपल्याला अगदी आजची वाटते. वस्तुतः तिला दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो महाबळेश्वराच्या पठारावर फार स्पष्ट वाचता येतो. आजचा हा थ्रेड त्याच इतिहासाविषयी.

२/ प्रथम एका शब्दाकडे पाहू. सह्याद्रीच्या उंच जागांसाठी मराठीत शब्दांची वाण नाही: कडा, टोक, सोंड, खिंड, माची, बुरूज, मेट. यांतील प्रत्येक शब्द त्या जागेचा आकार तरी सांगतो किंवा उपयोग तरी. खिंडीतून पलीकडे जाता येते, मेटावर पहारा बसतो, माचीवर शिबंदी राहते. ‘पॉइंट’ हा शब्द मात्र एवढेच सांगतो की इथे उभे राहावे आणि पाहावे. तो आपल्या भाषेत आला, त्याबरोबर पाहण्याची एक नवी रीतही आली.

३/ हे पठार घडले कसे? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या भेगांतून लाव्हारस पुनःपुन्हा वाहिला आणि थरांवर थर साचले. काही थर कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर लवकर झिजतो, कठीण थर कड्यासारखा उभा राहतो. म्हणून सह्याद्रीचा उतार पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. ओढा अशा पायरीवरून खाली पडला की धबधबा होतो. महाबळेश्वराच्या माथ्यावर याशिवाय तांबड्या जांभ्या खडकाचे आवरण आहे. हा जांभा पुढे आपल्या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

४/ पाण्याची वाटणी हे या पठाराचे दुसरे वैशिष्ट्य. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम येथे मानला जातो. कृष्णा अरबी समुद्रापासून अवघ्या ६०-६५ किलोमीटरांवर उगम पावते आणि तरीही पूर्वेकडे वळून थेट बंगालच्या उपसागराला मिळते. वेण्णा तिला संगम माहुलीस भेटते, कोयना कऱ्हाडास. सावित्री तेवढी पश्चिमेचा कडा उतरून महाडवरून बाणकोटच्या खाडीत जाते. एकाच डोंगरावर पडलेल्या पावसाच्या दोन थेंबांचे प्रवास असे दोन समुद्रांत संपतात.

५/ इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून लोक हा डोंगर चढत होते. ते उगमाच्या दर्शनाला येत. क्षेत्र महाबळेश्वरी कृष्णेच्या उगमाशी देवगिरीच्या यादव राजा सिंघणाने देऊळ व कुंड बांधल्याची परंपरा आहे. शिवाजी महाराजांनी जिजाबाईंची सुवर्णतुला केली ती याच क्षेत्री. यात्रेकरूचे डोळे गोमुखाकडे असत. कड्याच्या टोकापर्यंत मुद्दाम जावे, असे कारण त्याला नव्हते.

६/ कड्यावरून दरीकडे डोळ्यांत तेल घालून पाहणारेही होते, पण त्यांचे काम निराळे होते. १६५६मध्ये महाराजांनी जावळी घेतली आणि पारघाटावर नजर ठेवणाऱ्या भोरप्याच्या डोंगरावर मोरोपंत पिंगळ्यांकरवी प्रतापगड उभा केला. देश आणि कोकण यांना जोडणारी वाट या गडाखालून जात होती. वाटेवरचा माणूस, घोडा, बैल गडावरून दिसला पाहिजे, अशा हिशेबाने ही जागा निवडलेली आहे. आज आपण तिथून ज्या दरीचे छायाचित्र काढतो, ती दरी तेव्हा रोज मोजली जात होती.

७/ १६५९मध्ये अफजलखानाचे सैन्य वाईहून निघून रडतोंडीच्या घाटाने कोयनेच्या खोऱ्यात उतरले. घाटाचे नावच पाहा: चढणाऱ्याला रडकुंडीला आणणारी वाट. १० नोव्हेंबरला गडाच्या पायथ्याशी जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. त्या विजयात उंचीइतकाच वाटांच्या ज्ञानाचा वाटा होता. कुठून उतरता येते, कुठे अडवता येते आणि कुठून परतता येत नाही, हे जावळीच्या माणसांना पाठ होते.

८/ आता दीडशे वर्षे पुढे येऊ. १८१८मध्ये पेशवाई संपली. १८१९च्या तहाने कंपनी सरकारने साताऱ्याच्या गादीवर छत्रपती प्रतापसिंहांना बसवले आणि शेजारी इंग्रज रेसिडेंट नेमला. या व्यवस्थेमागे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता, जो त्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर झाला. महाबळेश्वरचा डोंगर या छोट्या सातारा राज्यात होता. लढाया संपल्या होत्या, आणि मैदानी छावण्यांतले गोरे शिपाई व अधिकारी उन्हाळ्याने आणि तापाने बेजार होत होते.

९/ १८२४मध्ये साताऱ्याला असलेला लष्करी अधिकारी पीटर लॉडविक हा डोंगर चढून गेला. येथे येणारा पहिला युरोपीय म्हणून त्याची नोंद होते. पुढे रेसिडेंट जॉन ब्रिग्ज याने वर घर बांधले, आणि सातारकर महाराजांनी साताऱ्याहून वर येणारा रस्ता करवून घेतला. इथे ध्यानात ठेवण्याजोगे हे की, ज्या रस्त्याने पुढे सगळे साहेब आणि मडमा वर आल्या, तो एका मराठी राजाच्या खर्चाने झाला होता.

१०/ १८२७मध्ये सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याला येथे आजारी सैनिकांसाठी आरोग्यस्थान हवे होते. १८२९मध्ये प्रतापसिंह महाराजांशी करार होऊन डोंगर कंपनीकडे गेला आणि बदल्यात महाराजांना खंडाळा हे गाव मिळाले. हे खंडाळा लोणावळ्याजवळचे नव्हे, सातारा जिल्ह्यातले. नव्या वसाहतीला गव्हर्नराचे नाव पडले: माल्कमपेठ.

११/ वैद्यांचा सल्ला होता हवा पालटण्याचा आणि रोज फिरण्याचा. फिरायचे तर वाट हवी, आणि वाटेला शेवट हवा. मग पठाराच्या कडेकडेने घोडावाटा निघाल्या आणि जिथे पठार संपून दरी उघडते तिथे त्या थांबल्या. सकाळी एका टोकाला, संध्याकाळी दुसऱ्या. ‘पॉइंट’ जन्माला आला तो असा, आजाऱ्याच्या दिनक्रमातून. एका दिवसात जाऊन परतण्याजोगे अंतर, चढ बेताचा, शेवटी मोठे दर्शन: आजचा तरुण भटक्या नकळत याच मोजपट्टीने जागा निवडतो.

१२/ या मंडळींच्या हंगामाची एक गंमत पाहा. ते मार्च-एप्रिलमध्ये येत आणि पावसाचा जोर धरण्याआधी डोंगर सोडत. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात पुन्हा काही दिवस येत. मधल्या काळात बंगल्यांच्या भिंतींना कोळंब गवताचे झापे बांधलेले असत. म्हणजे धबधबे भर जोरात असताना त्यांचे हौशी दर्शक मुंबई-पुण्यात बसलेले. भर पावसात धबधब्याखाली उभे राहण्याची हौस ही फार अलीकडची.

१३/ आता नावांकडे वळू. एल्फिन्स्टन पॉइंट गव्हर्नराच्या नावाचा. फॉकलंड पॉइंट १८४८ ते १८५३ या काळातल्या गव्हर्नराच्या नावाचा. त्याच्या पत्नीने, लेडी फॉकलंड हिने, आपल्या हिंदुस्थानातील वास्तव्यावर १८५७मध्ये पुस्तकही प्रसिद्ध केले. लॉडविक पॉइंटवर लॉडविकच्या मुलाने वडिलांच्या स्मरणार्थ स्तंभ उभारला. केट्स पॉइंटला माल्कमच्या मुलीचे नाव आहे. त्या जागेला स्थानिक लोक ‘नाके खिंड’ म्हणत. पठारावरचा सर्वांत उंच भाग म्हणजे सिंदोला टेकडी, ती १९२०च्या दशकातल्या गव्हर्नर लेस्ली विल्सनच्या नावाने ‘विल्सन पॉइंट’ झाली.

१४/ या यादीतील एक नाव वाचताना थबकायला होते: कारनॅक पॉइंट. सर जेम्स रिव्हेट कारनॅक १८३९मध्ये गव्हर्नर झाला आणि त्याच वर्षी प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला धाडण्यात आले. ज्यांनी हा डोंगर दिला होता, त्यांनी आपले हक्क परत मिळावेत म्हणून लंडनपर्यंत दाद मागितली. ती मिळाली नाही. १८४७मध्ये ते काशीलाच वारले, आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने वारस नामंजूर करून सातारा खालसा केले. देणाऱ्याची गादी घालवणाऱ्या गव्हर्नराचे नाव त्याच डोंगराच्या एका टोकाला लागले.

१५/ पॉइंटांची नावे साहेबांची आहेत. मग धबधब्यांची? चायनामन धबधब्याचे नाव कुणा पर्यटकावरून पडलेले नाही. माल्कमपेठेत एक तुरुंग होता. सिंगापूर-मलाक्का बाजूच्या इंग्रज वसाहतींतून पाठवलेले चिनी आणि मलायी कैदी तिथे ठेवलेले असत. रस्त्यांची कामे त्यांनी केली, बटाटे आणि विलायती भाजीपाला पिकवला, वेताच्या टोपल्या विणल्या. १८६४मध्ये तुरुंग बंद झाला. त्यांच्या मळ्यांजवळून पडणाऱ्या पाण्याला मात्र त्यांची आठवण चिकटून राहिली.

१६/ धोबी धबधब्याचे नाव तर उघडच आहे. शेकडो माणसांच्या वसाहतीचे कपडे कुणीतरी धुवायचे होते. एल्फिन्स्टन पॉइंटकडे आणि लॉडविक पॉइंटकडे जाणाऱ्या रस्त्यांना जोडणाऱ्या घोडावाटेवर हा एकान्त धबधबा आहे, आणि त्याचे पाणी कोयनेच्या खोऱ्यात जाते. तिसरा प्रसिद्ध धबधबा वेण्णेचा. तो पाचगणीच्या रस्त्यावर शहरापासून सुमारे सहा किलोमीटरांवर आहे आणि लिंगमळा हे तिथल्या जागेचेच मराठी नाव धारण करून आहे.

१७/ नकाशा पुढे ठेवून या दोन याद्या शेजारीशेजारी वाचा. दरीच्या टोकांना बघणाऱ्यांची नावे मिळाली: गव्हर्नर, सेनानी, गव्हर्नराची लेक. वाहत्या पाण्याला काम करणाऱ्यांची: कैदी, धोबी. हे कुणी ठरवून केले असे मुळीच नाही. कष्टकऱ्याला पाण्यापाशी जावे लागते आणि सवड असणारा टोकापाशी जातो. त्या दोन सवयी नकाशावर उमटल्या.

१८/ आणि काही माणसे दोन्ही याद्यांत नाहीत. या डोंगरावर कोळी, धनगर, कुणबी राहत होते. त्यांच्याबरोबर धावड होते. धावड म्हणजे जांभ्यातले लोखंड गाळणारे कारागीर. भट्टीला कोळसा लागे, कोळशाला लाकूड. वसाहतीला झाडी राखायची होती. जंगलावर निर्बंध आले आणि धावडांच्या भट्ट्या विझल्या. पॉइंटवरून आज दिसणारे गर्द रान ‘अस्पर्श’ आहे असे आपण सहज म्हणतो. त्या रानात एक बंद पडलेला धंदा आहे. झाडी वाचली ही मोठीच गोष्ट, तिची किंमत कुणी दिली हेही लिहून ठेवायला हवे.

१९/ कड्यावरून खाली दिसणारे हिरवे ठिपके म्हणजे गावे आहेत, हेही पुष्कळदा विसरले जाते. सावित्री याच कड्यावरून उतरते. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री तिच्या पुराने महाडजवळचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला आणि दोन एसटी बसगाड्या पाण्यात गेल्या. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. आंबेनळी घाटाचा रस्ताही ठिकठिकाणी खचला. वर आपण ज्याला धबधबा म्हणतो, खाली तेच पाणी पूर होऊन येते.

२०/ तेव्हा एका दिवसाची वाट निवडताना दृश्याची प्रतवारी करण्याआधी तीन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. पहिला: ही जागा पूर्वी कशाकडे पाहत होती? दुसरा: हे पाणी पुढे कुठे जाते? तिसरा: हिचे जुने नाव काय? या तिन्हींची उत्तरे मिळतील ती वाट निवडा. दोन तासांची चाल असली तरी तिच्यात दोन हजार वर्षे मावतात.

२१/ उदाहरणे घेऊ. पाण्याची वाटणी समजून घ्यायची असेल तर क्षेत्र महाबळेश्वरपासून सुरुवात करावी. गोमुखाशी कृष्णा पाहावी आणि मग एल्फिन्स्टन पॉइंटवरून आर्थर सीटपर्यंत जावे. वाटेत ‘वाघाचे पाणी’ हा झरा लागतो, ज्याचे मराठी नाव अजून टिकून आहे. टोकावर उभे राहिले की सावित्रीचे खोरे पायाखाली येते. कोकणातून येणारा वारा कड्यावर आपटून वर उसळतो, म्हणून इथे हलकी वस्तू टाकली तर परत वर येते. गंमत म्हणून सुद्धा प्लास्टिक टाकू नये, ते सगळेच परत येत नाही.

२२/ राजकारण समजून घ्यायचे असेल तर प्रतापगड निवडावा. २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा मराठा किल्ल्यांपैकी हा एक. बुरुजावर गेल्यावर आधी दरी पाहू नका, आधी वाटा शोधा: पार गाव कुठे, घाट कुठे, महाबळेश्वरचा कडा कुठे. मग लॉडविक पॉइंटवर जाऊन हेच उलट बाजूने पाहा. तीच दरी, पण एका ठिकाणी पहारेकरी उभा होता आणि दुसऱ्या ठिकाणी हवा खायला आलेला साहेब.

२३/ महिनाही विचारपूर्वक निवडावा. जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे भरलेले असतात, पण पॉइंट ढगांत बुडालेले. तासभर उभे राहूनही पांढऱ्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही. कडेची माती निसरडी, घाटात दरडींचे भय. त्या दिवसांत लिंगमळ्यासारखा सोयीचा धबधबा पाहावा आणि कड्यांचा नाद सोडावा. ऑक्टोबरात हवा निवळते, पाणी अजून आटलेले नसते, कडा आणि धबधबा दोन्ही एका दिवसात पदरात पडतात. साहेबांचा हा दुसरा हंगाम मात्र आपण घेण्याजोगा आहे.

२४/ हेच तीन प्रश्न घेऊन दुसरीकडेही जाता येईल. जुन्नरजवळचा नाणेघाट आज उलट्या धबधब्यासाठी ओळखला जातो: वारा पाण्याला कड्यावरून वर फेकतो. पण तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापणांचे आकडे आहेत, आणि घाटमाथ्यावर जकातीचा मानला जाणारा दगडी रांजण आहे. भगवानलाल इंद्रजींनी भारतीय अंकांच्या इतिहासासाठी याच लेखातील आकडे अभ्यासले. धबधब्याकडे पाठ करून दहा मिनिटे लेण्यात उभे राहिलात, तरी तो दिवस सार्थकी लागला म्हणायचा.

२५/ दृश्य पाहणे हा गुन्हा नाही. उंचावरून खाली पाहताना होणारा आनंद निर्मळ आहे आणि तो पुरेपूर घ्यावा. मात्र पुढल्या वेळी ‘केट्स पॉइंट’च्या पाटीखाली छायाचित्र काढाल तेव्हा खाली ओळीत ‘नाके खिंड’ हेही लिहा. धोबी धबधब्यापाशी एकदा धोब्याची आठवण काढा. जुनी नावे कागदावर कमी आणि माणसांच्या तोंडी अधिक आहेत. वाटेत भेटणाऱ्या म्हाताऱ्या गावकऱ्याला विचारा, ‘बाबा, या कड्याला तुम्ही काय म्हणता?’ मिळालेले नाव या थ्रेडखाली नोंदवा. ते विस्मृतीत जाण्याआधी आपण सगळे मिळून लिहून ठेवू.